वाढत्या गावाचा नकाशा कोण आखणार?

ठाणे जिल्ह्यातील कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ होती. २०११ च्या जनगणनेत ती १,७४,२२६ भरली. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत गाव सुमारे ७८ टक्क्यांनी वाढले. मुंबई-ठाण्यात घर घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी लोकलच्या प्रवासाचा हिशेब मांडला आणि बदलापूरचा रस्ता धरला. जागा होती, भाव आवाक्यात होते. इमारती उभ्या राहिल्या. मात्र इमारती जितक्या वेगाने वाढतात, तितक्या वेगाने जलवाहिन्या, गटारे, शाळा, मैदाने आणि रुंद रस्ते वाढत नाहीत. त्यांच्यासाठी आधी जागा राखून ठेवावी लागते, आणि जागा राखायची तर गाव भरण्यापूर्वी राखावी लागते.

बदलापूर हे केवळ एक उदाहरण. महानगरांच्या कुशीतील, महामार्गांवरील, औद्योगिक वसाहतींच्या शेजारची अनेक छोटी गावे याच वाटेवर आहेत. अशा गावाचे नियोजन कोण करते, कसे करते आणि त्यात तेथील रहिवाशांना नेमका केव्हा व किती वाव असतो, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती

गाव शहर झाले, हे सरकारदरबारी ठरवण्याच्या दोन स्वतंत्र पद्धती आहेत. जनगणना विभागाच्या व्याख्येनुसार किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची घनता आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात असतील, तर ते ठिकाण नागरी मानले जाते. पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहू शकतो. अशा ‘जनगणना शहरां’ची देशातील संख्या २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. म्हणजे वस्ती आणि व्यवहार शहरासारखे, पण कायद्याने गावच, अशी ठिकाणे दहा वर्षांत जवळजवळ तिपटीने वाढली.

दुसरी पद्धत राज्य शासनाच्या अधिसूचनेची. तिच्यामुळे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत किंवा नगरपरिषद येते. महाराष्ट्रात २०१४ नंतर तालुक्याच्या अनेक मुख्य गावांना नगरपंचायतीचा दर्जा मिळाला. निधीचे मार्ग वाढले, मुख्याधिकारी आले, कराची फेररचना झाली. परंतु या स्थित्यंतरात एक गोष्ट हातची गेली, तिची फारशी चर्चा झाली नाही. ती म्हणजे ग्रामसभा. खेड्यातील मतदाराला ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा कायदेशीर हक्क असतो. महानगरातील नागरिकासाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समितीची तरतूद केली. पण ती बंधनकारक आहे तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. पन्नास हजारांचे वाढते गाव या दोहोंच्या मधल्या पोकळीत राहते. ज्या काळात त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांचे रस्ते ठरत असतात, नेमक्या त्याच काळात रहिवाशांना एकत्र बसून बोलण्याची वैधानिक जागा उरत नाही. मग विकास आराखड्याच्या प्रक्रियेत मिळणारी संधीच महत्त्वाची ठरते.

आराखड्याची वाटचाल

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयाचा मूळ कायदा. प्रत्येक नगरपरिषदेने आपल्या क्षेत्राचा विकास आराखडा करावा आणि साधारण वीस वर्षांतून एकदा तरी तो सुधारावा, अशी त्यात अपेक्षा आहे. प्रक्रिया पुढीलप्रमाणे चालते.

प्रथम नियोजन प्राधिकरण, म्हणजे येथे नगरपरिषद, आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर संपूर्ण क्षेत्राची पाहणी होऊन विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. कोणत्या सर्व्हे नंबरात घरे आहेत, कोठे शेती, कोठे विहीर, ओढा, स्मशानभूमी, बाजार, गोठे, याची ही नोंद असते. तिच्या आधारे पुढील वीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधून प्रारूप आराखडा तयार केला जातो. निवासी पट्टा पिवळा, शेतीचा हिरवा अशा रंगांत गाव विभागले जाते. नवे रस्ते, रस्त्यांची रुंदी, शाळा, दवाखाना, उद्यान, मंडई यांच्यासाठी आरक्षणे टाकली जातात.

प्रारूप आराखडा राजपत्रात व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत मिळते. आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत तीन लोकप्रतिनिधी आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिच्या अहवालानंतर योग्य ते बदल करून आराखडा शासनाकडे जातो व शासन त्याला मंजुरी देते. शासनाने मोठे फेरबदल सुचवले, तर तेवढा भाग वगळून पुन्हा प्रसिद्ध केला जातो आणि त्यावर स्वतंत्रपणे हरकती मागवल्या जातात.

कागदावर ही प्रक्रिया पुरेशी लोकाभिमुख दिसते. प्रत्यक्षात तीस दिवसांतील पहिला आठवडा आराखडा प्रसिद्ध झाल्याचे कळण्यात जातो. दुसरा आठवडा नगरपरिषदेच्या कार्यालयातील मोठा नकाशा वाचण्यात आणि त्यात आपला गट नंबर शोधण्यात जातो. उरलेल्या दिवसांत येणाऱ्या बहुतेक हरकती ‘माझ्या जमिनीवरील आरक्षण उठवा’ अशा स्वरूपाच्या असतात. तसे होणे स्वाभाविकही आहे. ज्याची जमीन जाते तो धावत येतो. पण ज्या मुलांचे मैदान नकाशातून वगळले गेले, त्यांच्या वतीने अर्ज करणारा कोणी नसतो. सार्वजनिक हिताची बाजू मांडणारा अर्जदार नसेल, तर सुनावणी ही केवळ खासगी हितांची सुनावणी होऊन बसते.

आधी पाहणी, मग रेघा

नकाशा आखण्यापूर्वी गाव नीट पाहावे, हा आग्रह भारतात शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी अभ्यासकाने धरला होता. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. देशातील अनेक शहरांचे नियोजन अहवाल त्यांनी लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरे पाडण्याच्या रूढ पद्धतीला त्यांचा विरोध होता. गल्लीबोळांतून पायी फिरावे, लोक पाणी कोठे भरतात, सावलीला कोठे बसतात, मुले कोठे खेळतात हे पाहावे, आणि अगदी मोजकी मोडतोड करून वस्ती श्वास घेऊ शकेल असे करावे, ही त्यांची रीत होती.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दरबारला सादर केला. त्याच काळातील त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. शहराला प्लेगने ग्रासले होते. गेडिस यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढण्याचे ठरवले आणि ज्या भागातील लोक घरे-रस्ते सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल असे जाहीर केले. लोकांनी चढाओढीने कचरा काढला, घरे रंगवली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृतीही होती. शहर सुधारण्याच्या कामात लोकांना केवळ हुकूम पाळणारे न मानता भागीदार केले, तर ते किती उत्साहाने पुढे येतात, याचा हा धडा होता.

आजच्या छोट्या गावांसाठी यातील व्यावहारिक बोध सरळ आहे. रहिवाशांच्या सहभागाची खरी वेळ विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होत असताना असते. तीस दिवसांची मुदत सुरू होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पावसाळ्यात वाहणारा आणि आठ महिने कोरडा असणारा ओढा उन्हाळ्यात आलेल्या सर्वेक्षकाला पडीक जमीन वाटू शकतो. आठवडे बाजाराची जागा इतर सहा दिवस रिकामी दिसते. जनावरांची वाट, दशक्रियेचा घाट, उरुसाचे मैदान, जुनी बारव या गोष्टी सातबाऱ्यावर दिसतीलच असे नाही. गावातल्या जुन्या माणसांना मात्र त्या पाठ असतात. शाळा, महाविद्यालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, व्यापारी संघटना यांनी आपापल्या भागाची अशी यादी करून सर्व्हे नंबरांसह लेखी दिली, तर ती नोंद अभिलेखात राहते आणि पुढे सुनावणीत तिचा आधार घेता येतो.

आरक्षणाचे आयुष्य

आराखड्यात मैदान दाखवले म्हणजे मैदान झाले, असे नव्हे. कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार, मंजूर आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नियोजन प्राधिकरणाला खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत जमीन घेतली नाही किंवा संपादनाच्या दिशेने पावले टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. पुढे ती बारा महिने आणि २०१५ मधील दुरुस्तीने चोवीस महिने झाली. ‘पावले टाकणे’ म्हणजे नुसता पत्रव्यवहार करणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्याच्या २००७ मधील निकालात स्पष्ट केले.

या तरतुदीत मालकावर अन्याय होऊ नये हा हेतू आहे आणि तो रास्तच आहे. एखाद्या शेतकऱ्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे समर्थनीय ठरत नाही. अडचण वेगळीच आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यानुसार नागरी भागात बाजारमूल्याच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. छोट्या नगरपरिषदेच्या तिजोरीत इतका पैसा नसतो. आराखड्यात उदारपणे पाच-पन्नास आरक्षणे टाकली जातात. दहा वर्षे सरतात. सूचना येऊ लागतात. आणि एकेक मैदान, एकेक शाळेची जागा इमारतीखाली जाते. याखेरीज ३७ व्या कलमाखाली ‘किरकोळ फेरबदल’ करूनही आरक्षण बदलता येते. त्यासाठीही हरकती मागवाव्या लागतात, पण ती छोटीशी जाहीर सूचना कितीजण वाचतात?

यावर मोबदल्याचे पर्याय आहेत. रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देणे, किंवा समावेशक आरक्षणाच्या तत्त्वाने मालकाला काही भाग विकसित करू देऊन उरलेला भाग सार्वजनिक सोयीसाठी ताब्यात घेणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागासाठी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाल्यापासून छोट्या नगरपरिषदांनाही हे पर्याय एका चौकटीत उपलब्ध आहेत. तथापि ते वापरण्यासाठी नगरपरिषदेने आरक्षणांचा अग्रक्रम ठरवला पाहिजे. पन्नास आरक्षणांपैकी कोणती दहा कोणत्याही परिस्थितीत ताब्यात घ्यायचीच, याची यादी लोकांशी चर्चा करून केली आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी तरतूद ठेवली, तर निदान तेवढी दहा वाचतील.

गुंठ्या-गुंठ्याने बसलेले शहर

आराखडा रखडला तरी जमिनीचे व्यवहार थांबत नाहीत. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी, कर्जफेडीसाठी पैसा हवा असतो. नोकरदाराला कर्ज काढून का होईना, स्वतःचे घर हवे असते. मग एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पडतात. एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट. त्यात घर बसते. रस्ता मात्र जेमतेम रिक्षा जाईल एवढाच सोडलेला असतो, आणि शेजारच्या तुकड्यातील रस्त्याशी तो जुळेलच असे नाही. सांडपाण्याचा विचार बहुधा झालेलाच नसतो. अग्निशमन दलाचा बंब आत जात नाही, हे आग लागल्यावर कळते.

अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याच्या कक्षेत आणले. तेथे राहणाऱ्या सामान्य कुटुंबांना यातून दिलासा मिळाला. परंतु नियमितीकरणाने कागद सरळ होतात, रस्ता रुंद होत नाही. आराखड्याला झालेल्या प्रत्येक वर्षाच्या विलंबाची किंमत अशा वस्त्या पुढे कित्येक दशके मोजत राहतात.

जमीन न विकता, एकत्र करून

जमीन ताब्यात घेण्यासाठी पैसा नाही आणि आरक्षण टिकत नाही, या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या विषयावरील देशातील पहिला कायदा. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले ही त्या काळी मुंबईबाहेरची वाढती छोटी गावेच होती. या कायद्याखाली तेथे नगररचना योजना राबवल्या गेल्या. या उपनगरांच्या मालमत्तांच्या कागदपत्रांत ‘टीपीएस’ ही अक्षरे आजही आढळतात, ती याच योजनांची खूण होय.

योजनेचे तत्त्व सोपे आहे. समजा, एका भागात दहा शेतकऱ्यांची वेड्यावाकड्या आकाराची मिळून चारशे गुंठे जमीन आहे. ती सर्व कागदोपत्री एकत्र धरली जाते. तिच्यातून रस्ते, उद्यान, शाळा यांसाठी समजा १६० गुंठे बाजूला काढले जातात. उरलेल्या २४० गुंठ्यांचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले अंतिम भूखंड पाडून प्रत्येकाला त्याच्या मूळ जमिनीच्या प्रमाणात परत दिले जातात. क्षेत्र कमी होते, पण रस्ता, पाणी आणि बांधकामयोग्य आकार मिळाल्याने भाव वाढतो. एकाचीच सगळी जमीन उद्यानात गेली आणि शेजाऱ्याची मात्र सोन्याची झाली, हा आराखड्यातील आरक्षणांचा मोठा दोष यात राहत नाही. तोटा आणि फायदा दोन्ही वाटून घेतले जातात. नगरपरिषदेला रस्त्यासाठी जमीन विकत घ्यावी लागत नाही, आणि मूल्यवाढीतील काही हिस्सा सुविधांच्या खर्चासाठी मिळतो.

गुजरातने ही पद्धत नेटाने चालू ठेवली. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यात तरतूद असूनही ती बराच काळ मागे पडली; अलीकडे पुणे महानगर क्षेत्रात महाळुंगे-माण येथे आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात ती पुन्हा हाती घेण्यात आली. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांनी तर खासगी पातळीवर याच विचाराचा वेगळा अवतार साकारला. शंभराहून अधिक कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्याने न विकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक होऊन वसाहत उभी केली आणि विकासाचा लाभ आपल्याकडे राखला. प्रत्येक गावात हे जसेच्या तसे घडेल असे नाही. मोठ्या शहराला लागून असल्याचा फायदा मगरपट्ट्याला होता आणि परस्परविश्वासाची भक्कम पायाभरणीही होती. परंतु जमीन एकत्र करण्याचा विचार शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

नदी आणि नळ

आता पुन्हा बदलापूरकडे वळू. नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने २००१ च्या लोकसंख्येला रोज सुमारे १ कोटी ३२ लाख लिटर पाणी लागत होते. २०११ च्या लोकसंख्येला २ कोटी ३५ लाख. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे २०११ मध्येच रोज १ कोटी ८८ लाख लिटर सांडपाणी. ते शुद्ध न करता सोडले, तर ओढ्यांतून नदीलाच मिळते. बदलापुरात इमारतींना परवानगी देण्याची जबाबदारी नगरपरिषदेची, पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आणि लोकल रेल्वेच्या अखत्यारीत. घरे मंजूर करणारे कार्यालय आणि पाणी देणारे कार्यालय वेगवेगळे असते, तेव्हा दोघांचे आकडे एका कागदावर मांडून पाहणे हेच नियोजनाचे पहिले काम ठरते.

उल्हास नदीने याची जाणीव वारंवार करून दिली आहे. २००५ चा जुलै ठाणे जिल्हा विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. घर घेणाऱ्याने ज्या उत्सुकतेने स्टेशन किती मिनिटांवर आहे हे विचारावे, त्याच उत्सुकतेने इमारत कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हेही विचारले पाहिजे. नगरपरिषदेकडून मिळणाऱ्या झोन दाखल्यावरून जमीन कोणत्या पट्ट्यात येते हे कळते, आणि आराखड्याच्या नकाशाचा संबंधित भाग शुल्क भरून मिळू शकतो.

वेळ हाच मुख्य घटक

२०२१ ची जनगणना लांबली आणि पुढे ती २०२७ साठी जाहीर झाली. त्यामुळे मधल्या काळातील अनेक आराखडे २०११ च्या आकड्यांवरून अंदाज बांधत झाले. ७८ टक्क्यांची दशकवाढ आणखी एकदा घडली असे धरले, तर पावणेदोन लाखांचे गाव तीन लाख दहा हजारांवर जाते. पावणेदोन लाखांसाठी आखलेला रस्ता, शाळा किंवा जलकुंभ इतक्या लोकांना पुरणार नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

म्हणून छोट्या गावाने महानगराचे अनुकरण करत उड्डाणपूल आणि प्रवेशकमानी यांच्यामागे धावण्यापूर्वी चार गोष्टी करायला हव्यात. विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होताना स्थानिक माहिती लेखी द्यावी. प्रारूप आराखड्याच्या प्रती प्रत्येक प्रभागात, वाचता येतील अशा आकारात लावण्याचा आग्रह धरावा. सामायिक हिताच्या हरकती संस्थांनी एकत्रितपणे, सर्व्हे नंबर आणि कारणांसह दाखल कराव्यात. आणि आराखडा मंजूर झाल्यावर झोपी न जाता, कोणते आरक्षण किती वर्षांचे झाले याचा तक्ता दरवर्षी नगरपरिषदेकडे मागावा. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

ओढा बुजवल्यावर तो पुन्हा खणता येत नाही आणि मैदानावर उभी राहिलेली इमारत सहसा उठत नाही. ज्या गावात आज अजून मोकळी रानं दिसतात, तेथेच हे सारे स्वस्तात आणि भांडणाविना करता येण्याजोगे आहे. आरक्षणांच्या दहा वर्षांचे आणि हरकतींच्या तीस दिवसांचे घड्याळ मात्र गावाच्या तयारीची वाट पाहत थांबत नाही.